उपवास, पेशींचे स्वभक्षण आणि प्रोस्टेटचा कर्करोग

चातुर्मासाला आरंभ झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातील गावोगावची स्थानके आणि मंदिरे तपश्चर्येने गजबजून जातात. कोणी एकासणे धरतो, कोणी आयंबिल करतो, कोणी अठ्ठाईचे तर कोणी मासखमणाचे पच्चक्खाण घेतो. आचार्य आनंदऋषीजी महाराजांचा जन्म १९०० साली याच जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडी गावी झाला आणि १९९२ साली नगर शहरातच त्यांनी देह ठेवला. अशा भूमीत तपाचा आदर लहान मुलालाही वेगळा शिकवावा लागत नाही.

अलीकडे मात्र या तपाच्या जोडीने एक नवा शब्द घरोघरी पोचला आहे : ‘ऑटोफॅजी’. पर्युषणाच्या सुमारास मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांचा आशय बहुधा असा असतो : उपवास केला की शरीरातील पेशी स्वतःमधील टाकाऊ भाग खाऊ लागतात, त्यात कर्करोगाच्या पेशीही नष्ट होतात, आणि या शोधाला नोबेल पारितोषिक मिळालेले आहे. या तीन विधानांपैकी पहिले खरे आहे, तिसरे अर्धे खरे आहे आणि मधले धोक्याचे आहे.

धोक्याचे अशासाठी की, प्रोस्टेटचा कर्करोग हा मुख्यतः साठी-सत्तरीचा आजार. तपाकडे मन अधिक वळलेले असते तेही याच वयात, आणि ज्यांच्या शब्दापुढे घरातील मुले-सुना सहसा बोलत नाहीत तेही हेच ज्येष्ठ. बायॉप्सीचा अहवाल हाती आल्यावर ‘आधी एक अठ्ठाई होऊ द्या, मग पाहू’ असा विचार घरात निघाला, तर काही रुग्णांच्या बाबतीत उपचाराची मोलाची वेळ हातची जाऊ शकते. म्हणून पेशींचे हे स्वभक्षण म्हणजे नेमके काय आणि या रोगाच्या पुढील वाटचालीशी त्याचा संबंध कितपत आहे, हे शांतपणे समजून घेणे अगत्याचे ठरते.

पेशीतील आवराआवर

दिवाळीपूर्वी दुकानाची झाडलोट होते. जुना, खराब झालेला माल बाहेर निघतो. त्यातले जे उपयोगी पडण्यासारखे असते ते बाजूला ठेवले जाते आणि बाकीचे मोडीत जाते. पेशीतही अशी आवराआवर चालते. ती मात्र वर्षातून एकदा नव्हे, तर रोज. पेशीच्या आत झिजलेली प्रथिने, निकामी झालेल्या तंतुकणिका असे बरेच काही साठत असते. त्यांच्याभोवती दुहेरी पटलाची एक पिशवी तयार होते. ही पिशवी पुढे लयकारिकेला जाऊन मिळते. लयकारिका म्हणजे पाचक रसांनी भरलेली पेशीची छोटी कोठी. तेथे आतल्या मालाचे पचन होते आणि सुटे झालेले घटक पेशी पुन्हा वापरते. अन्न मिळेनासे झाले की ही क्रिया वाढते, कारण बाहेरून आवक नसताना घरातल्याच मालावर दिवस काढावे लागतात.

बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन द दूव यांनी १९५५ मध्ये लयकारिकांचा शोध जगापुढे मांडला आणि १९६३ मध्ये या क्रियेला ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वतःला खाणे, असे नाव दिले. १९७४ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. पुढे जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवून त्यांच्यात साठणाऱ्या या पिशव्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. ते काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी या क्रियेला आवश्यक असणारी १५ जनुके त्यांनी शोधून काढली. या मूलभूत कार्यासाठी त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरे विधान अर्धे खरे का, ते येथे स्पष्ट होते. पारितोषिक मिळाले ते पेशीतील एका यंत्रणेच्या उलगड्यासाठी. माणसाने किती तास वा किती दिवस उपवास करावा, किंवा उपवासाने कोणता रोग बरा होतो, याविषयीचे ते संशोधन नव्हते. पाव फुगवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टवरील निष्कर्ष थेट सत्तर वर्षांच्या रुग्णाला लावता येत नाही.

आरंभी राखणदार, पुढे साथीदार

कर्करोगाशी या क्रियेचे नाते दुहेरी आहे आणि सगळा घोळ येथेच होतो. निरोगी पेशीत स्वभक्षण राखणदाराचे काम करते. निकामी भाग वेळीच हटले, तर पेशीतील दाह आणि जनुकांची हानी कमी राहते. पेशी बिघडण्याची शक्यता घटते. या अर्थाने ही आवराआवर कर्करोगाला आरंभीच अटकाव करणारी मानली जाते.

परंतु गाठ एकदा तयार झाली की चित्र पालटते. वेगाने वाढणाऱ्या गाठीच्या मध्यभागी रक्तपुरवठा अपुरा पडतो. प्राणवायू आणि अन्न दोन्हींची टंचाई होते. त्यात औषधांचा मारा सुरू होतो. अशा संकटात कर्करोगाची पेशी हेच स्वभक्षण वापरून तग धरते. दुष्काळात घरातल्या कणगीने सज्जनाचे कुटुंब जगते, तसेच दरोडेखोराचेही जगते. कणगी दोघांत भेद करीत नाही.

प्रोस्टेटच्या बाबतीत हे विशेष लागू पडते. अमेरिकेतील चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की, पुरुषी संप्रेरकाचा पुरवठा तोडला की पसरलेला प्रोस्टेट कर्करोगही आक्रसतो. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजही वाढलेल्या रोगात संप्रेरकरोधक उपचार हाच पाया आहे. मात्र संप्रेरक तुटले म्हणजे त्या पेशींवर एक प्रकारची उपासमारच ओढवते. आणि प्रयोगशाळेतील अनेक अभ्यासांत असे दिसले की, या उपासमारीत काही पेशी स्वभक्षण वाढवून जिवंत राहतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका अभ्यासात प्रोस्टेटमधील ‘पीटेन’ हे रोगरोधक जनुक काढून टाकले असता गाठी झाल्या. त्याबरोबर स्वभक्षणाला आवश्यक असलेले ‘एटीजी-७’ हे जनुकही काढले, तेव्हा त्याच गाठींची वाढ मंदावली. म्हणजे तेथे स्वभक्षण रोगाच्या बाजूने उभे होते.

या विषयातील मते कशी बदलत गेली, याचेही एक उदाहरण बोलके आहे. १९९९ मध्ये बेथ लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बेक्लिन-१’ हे स्वभक्षणाचे जनुक कर्करोगाला रोखते असे दाखवले. स्तन, अंडाशय आणि प्रोस्टेट यांच्या बऱ्याच कर्करोगांत या जनुकाची एक प्रत हरवलेली असते, असेही त्या काळात मांडले गेले. २०१४ मध्ये मोठ्या जनुकीय माहितीसाठ्याची फेरतपासणी झाली. तेव्हा असे आढळले की, स्तन आणि अंडाशय यांच्या कर्करोगांत हरवते ते मुख्यतः शेजारचे ‘बीआरसीए-१’ जनुक आणि त्याच्याबरोबर ‘बेक्लिन-१’ही जाते, प्रोस्टेटमध्ये तर तसा पुरावाच मिळाला नाही. पंधरा वर्षे पक्की वाटलेली जमाखर्चाची एक नोंद अशी दुरुस्त करावी लागली.

पूर्वानुमान आज कशावर ठरते

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या कर्करोगाचा स्वभाव माणसागणिक फार वेगळा असतो. काहींमध्ये तो वर्षानुवर्षे जागचा हलत नाही आणि नुसते नियमित लक्ष ठेवणे पुरते. काहींमध्ये तो लवकर हाडांपर्यंत पोचतो. म्हणून ‘रोग आहे का’ या प्रश्नाइतकाच ‘हा रोग पुढे कसा वागेल’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. यालाच वैद्यकात पूर्वानुमान म्हणतात.

ते आज मुख्यतः तीन गोष्टींवर बांधले जाते. पहिली, रक्तातील पीएसएची पातळी. दुसरी, बायॉप्सीतील ग्लिसन गुणांक. १९६६ मध्ये डोनाल्ड ग्लिसन यांनी मांडलेल्या या पद्धतीत पेशींची रचना किती विस्कटली आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अंक देतात आणि दोन अंकांची बेरीज करतात. आजच्या अहवालांत ही बेरीज ६ ते १० असते. येथे क्रमही पाहावा लागतो : ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज ७ असली, तरी पहिला अंक अधिक प्रमाणात दिसणाऱ्या रचनेचा असल्याने दुसरा प्रकार अधिक गंभीर समजला जातो. तिसरी गोष्ट, रोग ग्रंथीपुरता आहे की बाहेर पसरला आहे. सर्वसाधारणपणे पीएसए १० च्या आत, गुणांक ६ आणि रोग ग्रंथीपुरता असेल तर धोका कमी. पीएसए २० च्या वर किंवा गुणांक ८ ते १० असेल तर धोका अधिक, असे मानले जाते. रुग्णाचे वय आणि मधुमेह, हृदयविकार यांसारखे सोबतचे आजारही हिशेबात धरले जातात.

या यादीत स्वभक्षणाचे नाव अद्याप नाही. ते यावे म्हणून संशोधन मात्र जोरात चालू आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींवर रंगप्रक्रिया करून ‘एलसी-३’, ‘पी-६२’, ‘बेक्लिन-१’ अशा प्रथिनांचे प्रमाण पाहतात आणि ते ग्लिसन गुणांकाशी किंवा शस्त्रक्रियेनंतर पीएसए पुन्हा वाढण्याशी जुळते का, ते तपासतात. दुसरी वाट जनुकांची. ‘द कॅन्सर जीनोम ॲटलास’ या अमेरिकी प्रकल्पाने २०१५ मध्ये ३३३ प्रोस्टेट गाठींचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. अशा खुल्या माहितीसाठ्यांतून स्वभक्षणाशी संबंधित जनुकांचे गट निवडून रोग परतण्याचे भाकीत करण्याचे प्रयत्न अनेक संशोधकांनी केले आहेत. मात्र त्या साठ्यातील रुग्ण बहुतांशी अमेरिकेतील गौरवर्णीय आहेत. त्यावर बसवलेले गणित भारतीय रुग्णांवर स्वतंत्रपणे पडताळून पाहिल्याशिवाय त्याच्या भरवशावर निर्णय घेता येत नाही.

नेप्तीच्या रांगेचा दाखला

या संशोधनापुढील खरी अडचण नगरच्या व्यापाऱ्याला एका दाखल्याने सहज कळेल. नेप्तीच्या कांदा बाजाराबाहेर गाड्यांची लांब रांग लागली आहे असे एक छायाचित्र कोणी दाखवले, तर त्यावरून काय समजावे? आवक भरपूर आहे, लिलाव जोरात चालले आहेत, असेही असेल. किंवा लिलावच बंद पडले आहेत म्हणून गाड्या तुंबल्या आहेत, असेही असेल. रांग दोन्ही वेळा तेवढीच लांब. नुसत्या छायाचित्रावरून उलाढाल कळत नाही. आत किती गाड्या गेल्या आणि किती माल बाहेर पडला, हे दोन्ही मोजावे लागते.

गाठीच्या तुकड्यात स्वभक्षणाच्या पिशव्या पुष्कळ दिसल्या, तर हाच पेच पडतो. पिशव्या झपाट्याने तयार होत आहेत म्हणून त्या पुष्कळ आहेत, की लयकारिकेत त्यांचे पचन अडले आहे म्हणून? ‘पी-६२’ हे प्रथिन स्वभक्षणात खर्ची पडते. ते साठलेले दिसले तर क्रिया अडली असावी असा अंदाज करतात, पण पेशीने त्याची निर्मितीच वाढवली असेल तरीही ते साठते. बायॉप्सी म्हणजे एका क्षणाचे छायाचित्र. म्हणूनच एका अभ्यासात जे प्रथिन वाढल्यावर रोग गंभीर दिसतो, तेच दुसऱ्या अभ्यासात तसे दिसत नाही. जिवंत माणसाच्या शरीरात स्वभक्षण किती वेगाने चालले आहे, हे सांगणारी नित्य वापराची रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. त्यामुळे ‘इतक्या तासांच्या उपवासाने इतकी ऑटोफॅजी’ असे तक्ते समोर आले, तर त्यामागे रुग्णाच्या शरीरातले मोजमाप नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

या क्रियेला औषधाने अडवावे, असाही प्रयत्न वैद्यक करीत आहे. करोनाकाळात सर्वांच्या परिचयाचे झालेले हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन लयकारिकेतील पचन रोखते. म्हणून प्रोस्टेटसह काही कर्करोगांत त्याच्या चाचण्या झाल्या. तो प्रोस्टेट कर्करोगाचा प्रस्थापित उपचार नाही आणि मनाने घेण्याचे ते औषध तर मुळीच नाही. पण यातून एक गोष्ट ध्यानात येते. मोबाइलवरचा संदेश ज्या क्रियेला ‘वाढवा’ म्हणतो, तिलाच रोग झालेल्या माणसात ‘अडवता येईल का’ हे शास्त्रज्ञ तपासत आहेत.

तपाचे स्थान आणि औषधाचे स्थान

याचा अर्थ उपवास निरर्थक आहे असा नव्हे. जैन परंपरेत तप कर्मनिर्जरेसाठी सांगितले आहे. आजाराच्या औषधोपचाराला पर्याय म्हणून नव्हे. प्रयोगशाळेतील यीस्टच्या आधारे तपाचे महत्त्व सिद्ध करावे लागावे, इतके ते दुबळेही नाही. उलट तसे करताना तपाचे प्रयोजनच बदलते आणि औषधाचा मार्गही चुकतो.

प्रत्यक्ष रुग्णाच्या बाबतीत काही गोष्टी व्यवहारात फार महत्त्वाच्या आहेत. संप्रेरकरोधक उपचाराने स्नायू आणि हाडे क्षीण होऊ लागतात; त्या काळात दीर्घ उपवासाने वजन आणि प्रथिने आणखी घटली, तर अशक्तपणा वाढून पडण्याची आणि अस्थिभंगाची भीती असते. ॲबिराटेरॉन हे औषध उपाशीपोटीच घ्यायचे असते, पण त्याच्या जोडीने दिले जाणारे प्रेडनिसोलोन एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन चालू असताना उपवास केला, तर साखर एकदम खाली येऊ शकते. केमोथेरपीच्या दिवसांत पाणी कमी पडले तर मूत्रपिंडावर ताण येतो. केमोथेरपीच्या आधी अल्पकाळ उपवास करण्यावर काही अभ्यास झाले आहेत. ते बहुतेक प्राण्यांवरचे किंवा थोड्या रुग्णांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालेले आहेत. उपचार सोडून केवळ उपवास, असा सल्ला त्यांपैकी कोणीही देत नाही.

म्हणून कर्करोगाच्या रुग्णाने पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि गुरू महाराजांनाही आजाराची पूर्ण कल्पना द्यावी. पच्चक्खाणाच्या पाठातच समाधीसाठी आगार ठेवलेले आहेत. शिवाय शास्त्रात तपाचे बारा भेद आहेत आणि अनशन हा त्यांतील एक. स्वाध्याय, ध्यान, विनय ही आभ्यंतर तपे अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही करता येतात. आजाऱ्याची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, हेही आभ्यंतर तपच आहे. वेळेवर गोळी देणारी सून आणि तपासणीला घेऊन जाणारा मुलगा तेच करीत असतात.

वेळीच तपासणी

भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांचा तिच्यात समावेश आहे. म्हणजे जामखेडच्या सीमेला लागूनच हा प्रदेश येतो. त्या नोंदींत प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण पुणे-मुंबईच्या तुलनेत पुष्कळ कमी दिसते. राहणीमान आणि आयुर्मान यांतील फरक हे त्याचे एक कारण असू शकते. पण खेड्यात तपासणीच कमी होते, त्यामुळे निदान न झालेले रुग्ण नोंदीत येतच नाहीत, हेही दुसरे कारण संभवते. नोंद कमी म्हणून धास्ती नाही, असे त्यावरून मानता येत नाही.

आरंभीच्या प्रोस्टेट कर्करोगाला बहुधा लक्षणे नसतात. रात्री वारंवार लघवीला उठणे, धार बारीक होणे, अडखळणे ही लक्षणे वयोमानाने वाढलेल्या साध्या प्रोस्टेटचीही असतात. पण ती कोणती, हे तपासल्याशिवाय कळत नाही. लघवीतून रक्त जाणे किंवा कंबरेची, पाठीच्या कण्याची न थांबणारी दुखणी यांकडे तर मुळीच दुर्लक्ष करू नये. दिवसभर गादीवर बसून धंदा पाहणारे गृहस्थ अशा गोष्टी संकोचाने बोलत नाहीत. रात्रीचे उठणे बहुधा पत्नीच्याच आधी लक्षात येते. तिने सांगितले, तर ते मनावर घ्यावे.

पन्नाशीनंतर पीएसए तपासणी करावी का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल तर धोका सुमारे दुप्पट होतो, म्हणून तेथे पंचेचाळिशीपासूनच विचारावे. पीएसए ४ च्या वर आला म्हणजे कर्करोग झालाच असे नाही. साधी वाढ किंवा जंतुसंसर्ग यांनीही तो वाढतो. त्यासाठी मूत्ररोगतज्ज्ञ पुढील तपासण्या सांगतात.

निदान झालेच, तर घरच्यांनी अहवाल हाती घेऊन डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत : पीएसए किती, ग्लिसन गुणांक कोणत्या क्रमाने, रोग ग्रंथीबाहेर गेला आहे का, आणि उपचार लगेच हवा की लक्ष ठेवणे पुरेल? पुढचे भाकीत आज या चार उत्तरांवर उभे राहते. पाचवा प्रश्न उपवासाचा असावा, आणि तोही संकोच न करता तेथेच विचारावा.